बाशिंग सायवनला, चष्मे उधव्याला

चारोटी नाक्यावर, हायवेच्या पुलाजवळ, सायवन-उधव्याच्या जीपा उभ्या राहतात. तिथल्या चहावाल्यापासून काकड्या विकणाऱ्या बायांपर्यंत सगळे मयुरा सावेला ओळखायचे. डहाणूहून येणारी सकाळची एसटी तिला नाक्यावर सोडायची आणि रूपेशची जीप भरेपर्यंत ती टपरीशी उभी राहून चहा प्यायची. खांद्याला काळी बॅग, पायाशी सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा खोका. चहावाला विचारायचा, "आज कोणाचे डोळे, मॅडम?"

"आज सायवनचे."

"आणि तलासरीचे?"

"ते गुरुवारी."

डोळे माणसांना नसून गावांनाच असतात, अशा थाटात हे बोलणं व्हायचं.

मयुरा डोळे तपासायची. डहाणूतल्या एका ट्रस्टच्या नेत्रालयात नोकरी होती, पण नेत्रालयात ती सापडायची फक्त शनिवारी. बाकीचे दिवस गावोगावची शिबिरं. एका खेपेला डोळे तपासून नंबर काढायचे, पुढच्या खेपेला चष्मे तयार करून नेऊन द्यायचे. घर समुद्राकाठी चिखल्याला, चिकूच्या वाडीत. लेकीची नोकरी कसली, असं कोणी विचारलं की तिचे वडील गोविंदराव सांगायचे, "सरकारी नाही, खासगी नाही. फिरती आहे."

सुरुवातीला मयुराला हा प्रवास म्हणजे फुकट गेलेला वेळ वाटायचा. कानात इअरफोन घालून ती डोळे मिटून बसायची. मग एकदा ऐन गर्दीत इअरफोनची वायर कोणाच्या तरी कोयत्यात अडकून तुटली, आणि नवीन घ्यायचं राहूनच गेलं. कान मोकळे झाले तशी जीप बोलायला लागली. एक बाई फोनवर व्यापाऱ्याशी गुजरातीत घासाघीस करायची, फोन ठेवून नवऱ्याला आपल्या बोलीत झापायची आणि लगेच वळून मयुराला मराठीत विचारायची, "बाय, वाजले किती?" तिन्ही भाषांत तिचा आवाज वेगळा. गुजरातीत गोड, घरच्या बोलीत कडक, मराठीत कचेरीत उभं राहिल्यासारखा.

मयुराने स्वतःचा एक खेळही काढला होता. माणसं मोबाइल डोळ्यांपासून किती लांब धरतात त्यावरून ती मनातल्या मनात त्यांचा नंबर काढायची. हात कोपरात वाकलेला असला तर दीड. सरळ झाला तर दोन. हात सरळ करून वर मानही मागे गेली तर अडीचच्या पुढे. समोरच्या बाकावरचा माणूस मोबाइल शेजाऱ्याच्या नाकाखाली धरून वाचायला लागला की हसू दाबता दाबता तिची पुरेवाट व्हायची.

त्या दिवशी होळी होऊन थोडेच दिवस झाले होते. लग्नांचा हंगाम. जीपमध्ये माणसांपेक्षा सामान जास्त. मयुराचा खोका रूपेशने टपावर टाकला आणि ती मधल्या बाकावर बसली. शेवटच्या क्षणी एक बाई धापा टाकत आली. नवी कोरी साडी, केसांत अबोलीचा गजरा, कडेवर पुठ्ठ्याचा खोका. "सांभाळून ठेव रे भाऊ," तिने रूपेशला तीनदा बजावलं, तेव्हा कुठे खोका हातातून सोडला. मग मयुराच्या शेजारी दाटीवाटीने बसत म्हणाली, "सरक गं बाय थोडी. लगनाची घाई हाय."

"कोणाचं लग्न?"

एवढं विचारायचा अवकाश. बाईचं नाव जयवंती. लग्न तिच्या बहिणीच्या मुलाचं, सुनिलचं. उधव्याच्या अलीकडे वडपाड्याला. आज हळद उतरली की संध्याकाळी नवरा मुलीकडे निघणार. सगळी तयारी झाली होती, फक्त बाशिंग आणायचं राहिलं होतं, आणि ते काम मावशीवर आलं होतं.

"चारोटीला पण मिळतं की बाशिंग," मयुरा म्हणाली.

"ते एवढंसं!" जयवंतीने बोटाने माप दाखवलं. "आमचा नवरा ताडासारखा उंच हाय. त्याला शोभायला नको? म्हणून डहाणूला गेली. चार दुकानं फिरली."

मग तिने नवरीचं वर्णन केलं, मांडवाचं केलं, पाड्यातल्या पाण्याच्या टाकीचं केलं. टाकी नवी बांधली होती, रंग पण दिला होता, फक्त पाणी नव्हतं. लग्नाला पाणी टँकरने आणावं लागलं म्हणून ती अजून चिडलेली होती. कासा मागे पडलं, घाट सुरू झाला, पळसाची लाल झाडं खिडकीतून सरकत राहिली, आणि सायवन कधी आलं ते मयुराला कळलंही नाही.

रूपेश टपावर चढला. मागे एक ट्रक हॉर्न वाजवत होता. त्याने घाईत एक खोका खाली दिला, मयुराने तो घेतला, आणि जीप धूळ उडवत निघून गेली. जयवंतीने खिडकीतून हात केला.

शिबिर शाळेच्या व्हरांड्यात होतं. गावची आशा सेविका योगिता हिने आधीच सतरंजी अंथरून ठेवली होती आणि माणसंही जमली होती. योगिता म्हणजे सायवनची चालती-बोलती हजेरी. कोण आलं, कोण आलं नाही, कोण का आलं नाही, हे सगळं तिला तोंडपाठ असायचं.

"मॅडम, पांडूबाबा पहाटेपासून बसलाय," तिने सांगितलं. "गेल्या खेपेला त्याचा चष्मा आला नव्हता ना. आज नाही मिळाला तर तो तुमच्या मागे डहाणूला येणार म्हणतो."

पांडूबाबाला अख्खं गाव पांड्या म्हणायचं. सत्तरीचा असेल. हाडकुळा, काटक, टोपल्या विणणारा. लांबचं त्याला ससाण्यासारखं दिसायचं, पण हातातली बांबूची पट्टी दिसायची नाही. तो सगळ्यात पुढे, अगदी सतरंजीच्या कडेला बसला होता.

"आणला ना बाय?" त्याने विचारलं.

"आणला बाबा. आज पहिला तुमचाच."

मयुराने ऐटीत सुतळी सोडली, खोक्याची झाकणं उघडली, आणि तशीच थांबली. आत चमचमणारा सोनेरी कागद होता. त्याखाली लाल गोंडे, मोत्यांच्या सरी, आरशाचे तुकडे. भलंमोठं बाशिंग.

पांड्या पुढे वाकला. जवळचं धड दिसत नसलं तरी एवढा लखलखाट त्यालाही दिसला. त्याने बोटांनी गोंडे चाचपले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मी चष्मा मागितला होता बाय. तू तर या वयात माझं लगीन लावायला निघालीस."

व्हरांडा हसून हसून फुटायचा बाकी राहिला. मयुराचा चेहरा मात्र उतरला. एकाच कंपनीच्या बिस्किटांचे दोन खोके, दोन्हींना सुतळी. तिचे चष्मे आता वडपाड्याच्या वाटेवर होते. एकेकाचं नाक, कान मोजून, नंबर काढून बनवलेले. तिने रूपेशला फोन लावला. रेंजच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तेच. सायवनच्या पुढे फोन लागला तर नवल, हे तिलाही माहीत होतं.

"माझी चूक झाली," ती लोकांकडे वळून म्हणाली. "खोका न बघता घेतला. चष्मे आज मिळतील की नाही सांगता येत नाही."

ती वाट बघत होती की कोणीतरी रागावेल. निम्मी माणसं रोज बुडवून आली होती. पण लोकांना चष्म्याची फिकीरच नव्हती.

"चष्म्याचं राहू दे," एक म्हातारी म्हणाली. "तिकडं नवरा बाशिंगाविना बसला असंल की!"

"संध्याकाळी निघायचे असतील ते."

"बिनबाशिंगाचा नवरा कसा जाईल?"

आणि सगळा व्हरांडा एकदम लग्नाच्या काळजीत पडला. योगिताने पर्समधून स्कूटीची चावी काढून मयुराच्या हातावर ठेवली. "तुम्ही जा मॅडम. मी इथे लोकांना बसवून ठेवते. चहा करते सगळ्यांना."

"पण मला वडपाडा कुठे माहीत आहे?"

"मना माहीत हाय," पांड्या उठून धोतर झटकत म्हणाला. "मी येतो."

अशी ती वरात निघाली. पुढे मयुरा, मागे पांड्या, आणि दोघांच्या मध्ये बाशिंगाचा खोका. पांड्याने तो दोन्ही हातांनी असा धरला होता की स्वतः पडला असता तरी चाललं असतं.

"कुठला वडपाडा पण?" थोडं पुढे गेल्यावर त्याने विचारलं.

मयुराने ब्रेक दाबला. "म्हणजे? किती आहेत?"

"तीन हायेत. एक वरचा, एक खालचा. आणि एक नुसता वडपाडा, तिथं वड नाय."

मयुरा डोकं खाजवायला लागली. जयवंती इतकं बोलली होती, पण वर-खाली काही म्हणाली नव्हती. मग तिला आठवलं. "त्यांच्या पाड्यात नवी टाकी आहे. पाणी नाहीये."

"मग वरचा," पांड्या खात्रीने म्हणाला. "खालच्याला टाकी नाय, पाणी हाय."

रस्ता रिकामा होता. दोन्हीकडे मोहाची झाडं, खाली बायका फुलं वेचत होत्या. पांड्या मागून रस्त्याचं वर्णन करत होता. पुढच्या वळणावर खड्डा हाय. त्या टेकडीच्या उतारावर दोन बैल हायेत, पांढरा लंगडतो. मयुराला टेकडी दिसत होती, पण बैल काही दिसेनात. स्कूटी बरीच पुढे गेल्यावर तिला दोन ठिपके दिसले, आणि त्यातला पांढरा खरंच लंगडत होता.

"बाबा, लांबची नजर तुमची एक नंबर आहे."

"लांबच्या नजरेनं टोपली विणता येत नाय ना बाय."

वाटेत जो भेटेल त्याला पांड्या थांबवत होता. खरं तर रस्ता विचारायची गरज नव्हती, पण एवढी मोठी बातमी पोटात ठेवणं त्याला जमेना. ताडीचे कॅन घेऊन सायकलवरून चाललेल्या माणसाला त्याने सांगितलं की खोका बदलला. शेळ्या वळणाऱ्या बाईला सांगितलं की खोका बदलला आणि नवरा बाशिंगासाठी रुसून बसलाय. तिसऱ्या माणसापर्यंत नवरीकडचे लोक काठ्या घेऊन निघालेले होते.

"बाबा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"निघाले असतीलच की," पांड्या म्हणाला.

एका चढावर मयुराच्या खिशातला फोन वाजला. तिला वाटलं रूपेश. गाडी थांबवून बघितलं तर कंपनीचा मेसेज: गुजरातमध्ये आपलं स्वागत आहे. आजूबाजूला तीच झाडं, तीच धूळ, मागे तोच पांड्या. दोन वळणं गेल्यावर दुसरा मेसेज आला, महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे. पांड्याला तिने हे वाचून दाखवलं तेव्हा तो खूश झाला. "बसल्या बसल्या गुजरात फिरून आलो म्हण."

वरचा वडपाडा लांबूनच ऐकू आला. स्पीकरवर गाणं चाललं होतं. मांडवाला आंब्याचे टहाळे बांधले होते, मागच्या बाजूला मोठ्या टोपात भात शिजत होता. मयुराने स्कूटी लावली आणि मांडवाकडे बघितलं.

मांडवातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांवर चष्मा होता.

दुधी चिरणाऱ्या तीन बायका, तिघींना चष्मे. पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावणारा एक म्हातारा नाकावर चष्मा ठेवून काडी खुपसत होता आणि प्रत्येक टाक्याला मान डोलवत होता. खांबाशी चौघांचा पत्त्यांचा डाव बसला होता.

"अरे चिमण, मघापासून इस्पिकावर किलवर टाकतोस की तू!" त्यातला एक चष्मा सावरत ओरडला.

"मग? काळ्यावर काळं टाकलं," चिमण म्हणाला. "गेली दहा वर्षं असाच खेळतोय. तुम्हाला तरी कुठं दिसलं?"

आणि स्वतः नवरा, खरंच ताडासारखा उंच, अंगभर हळद माखलेला, एक बायकी फ्रेम लावून मित्रांबरोबर फोटो काढत होता.

"आली! आली गं बाय माझी!" जयवंती धावत आली. तिने पांड्याच्या हातातून खोका ओढून घेतला, उघडला, बाशिंगाचा एकेक गोंडा तपासला आणि मग मयुराला घट्ट मिठी मारली. मयुराच्या कुडत्याला हळद लागली. "देवच पावला. आमच्या ताईनं मला काय काय बोललं म्हणून सांगू! खोका उघडला तर आत चष्मेच चष्मे."

"मावशी, माझे चष्मे..."

"सगळे आहेत हां! एक पण हरवला नाय." जयवंती जरा ओशाळली. "फक्त डोळ्यांवर आहेत."

मयुराला राग आला होता. खरा राग. काचांवर हळदीचे ठसे, कुठे तेलाची बोटं. या एकेका चष्म्यासाठी ती वरिष्ठांशी भांडली होती. चष्मा ही काय वाटायची गोष्ट आहे? दुसऱ्याचा नंबर लावला तर डोकं दुखतं. हे सगळं मोठ्याने सांगायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात दुधी चिरणारी एक बाई दुसरीला म्हणाली, "अगं, तुझ्या कपाळावरचं गोंदण अजून तसंच हाय! मला वाटलं पुसलं." आणि दुसरीने आपल्या कपाळाला असा हात लावला, जणू ते गोंदण आत्ताच परत आलं होतं.

मयुराने तोंड मिटलं. मग हसली. मग मात्र तिने स्पीकर बंद करायला लावला आणि मांडवाच्या मधोमध उभी राहून, शाळेतल्या बाईंच्या आवाजात म्हणाली, "ऐका! हे चष्मे सायवनच्या लोकांचे आहेत. ते बिचारे तिकडे वाट बघत बसलेत. सगळ्यांनी चष्मे द्या. पुढच्या महिन्यात मी इथे येऊन तुम्हा सगळ्यांचे डोळे तपासीन. ज्याला लागेल त्याला त्याच्या नंबरचा मिळेल."

"नक्की?" चिमणने विचारलं.

"नक्की."

"मग हा डाव संपू दे."

डाव संपला. चिमण हरला, आणि दिसायला लागल्यावरच आपण हरायला लागलो असं म्हणत त्याने चष्मा परत केला. प्रत्येक चष्म्याच्या दांडीवर नावाची पट्टी चिकटवलेली होती. मयुरा एकेक पुसून खोक्यात ठेवत गेली. नवऱ्याने लाजत आपला दिला. शेवटी सगळे आले, एक सोडून.

"कोणाचा राहिला?" जयवंतीने विचारलं.

मयुराने पुन्हा एकदा पट्ट्या बघितल्या आणि पांड्याकडे बघितलं. राहिलेला चष्मा पांड्याचाच होता.

शोधाशोध झाली. कोणीतरी सांगितलं, आजी मागं बसलीय. घराच्या मागे, सावलीत, एक म्हातारी पाय पसरून सुपात तांदूळ निवडत होती. सुनिलची आजी, नवशी. चष्म्याची जाड काच तिच्या नाकावर घसरली होती. ती प्रत्येक दाणा बघत होती. खडा सापडला की तो बोटांत धरून नीट न्याहाळत होती आणि मग फेकत होती.

"आजी, तो चष्मा द्यावा लागेल," मयुरा तिच्याजवळ बसत म्हणाली.

"नाय देणार," नवशीने वर न बघता सांगितलं.

"अगं आये, दुसऱ्याचा हाय तो," जयवंती म्हणाली.

"कोणाचा हाय?"

"माझा हाय," पांड्या पुढे येऊन म्हणाला.

नवशीने मान वर केली. जवळच्या चष्म्यातून लांबचं काय दिसणार! तिने डोळे बारीक केले. "कोण तू?"

"सायवनचा पांड्या. गंगीचा नवरा. गवताच्या वखारीत आपण भारे बांधायचो, विसरलीस?"

नवशीचे हात सुपातच थांबले. "गंगीचा पांड्या? इकडं ये. जवळ ये, तिथून धुकं दिसतं." पांड्या तिच्यासमोर उकिडवा बसला. तिने त्याचा चेहरा अगदी जवळून, तांदळाच्या दाण्यासारखा न्याहाळला. "अगं बाई. केवढा म्हातारा झालास तू."

"चष्मा काढ. लगेच तरणा दिसेन."

नवशी तोंडावर पदर घेऊन हसली. मग हसता हसता थांबली. "गंगी गेली तेव्हा मला कोणी सांगितलंच नाय. सहा महिन्यांनी कळलं. मला यायचं होतं."

"मना ठाऊक हाय."

नवशी सुपातल्या तांदळांवरून नुसता हात फिरवत राहिली. मयुराला वाटलं आपण उठून जावं, पण उठलो तर बांगड्या वाजतील म्हणून ती तशीच बसून राहिली.

"बघ पांड्या," नवशी म्हणाली, "चष्मा तुझा हाय, मी मुकाट्यानं दिला पाहिजे. पण उद्या नातसून घरात येणार. तिला जवळ घेऊन मला तिचं तोंड बघायचं हाय. थोरल्या नातवाच्या बायकोचं तोंड मी अजून बघितलेलं नाय. आवाजावरून ओळखते तिला."

मयुराने काळी बॅग उघडली, तपासणीची फ्रेम काढली आणि नवशीच्या डोळ्यांवर काचा लावून बघितल्या. नंबर जवळजवळ पांड्याचाच निघाला. "आजी, तुमचा चष्मा मी करून देते. पंधरा दिवस लागतील."

"पंधरा दिवसांत सून जुनी होईल," नवशी म्हणाली.

"राहू दे तिला तो," पांड्या एकदम म्हणाला. "मना काय घाई नाय. टोपल्या मी चाचपून पण विणतो. बोटांना सगळं कळतं."

हे तो सहज बोलून गेला, पण बोलताना त्याने डावा हात मांडीखाली घेतला. मयुराने स्कूटीवर बसतानाच ते पाहिलं होतं. अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती, आणि तर्जनीवर जुन्या-नव्या कापल्याच्या खुणा होत्या. बोटांना सगळं कळत नव्हतं. पहाटेपासून तो व्हरांड्यात उगाच येऊन बसला नव्हता.

ती त्यावर काही बोलली नाही. तिने पांड्याच्या नावाची पट्टी चष्म्यावरून काढली आणि चष्मा रुमालाने पुसून नवशीच्या नाकावर नीट बसवून दिला. मग तिथूनच, मांडवाबाहेरच्या उंचवट्यावर उभी राहून, जिथे फोनला रेंजची एक काडी येत होती, तिने नेत्रालयातल्या चष्मे बनवणाऱ्याला फोन लावला.

"ऋषभ, एक चष्मा मंगळवारपर्यंत पाहिजे."

"या मंगळवारी? मॅडम, रांग आहे इथे."

"माहीत आहे. तरी पाहिजे. मी शनिवारी येऊन तुझ्या शेजारी बसते, बाकीचे घासायला मदत करते. पण हा मंगळवारी पाहिजे."

ऋषभने बरीच कुरकुर केली, पण शेवटी हो म्हणाला. त्याला ठाऊक होतं, नाही म्हटलं तर ती खरंच शेजारी येऊन बसेल आणि दिवसभर जीपमधल्या गोष्टी सांगेल.

निघताना पांड्या स्कूटीकडे आलाच नाही. तो मांडवात पत्त्यांच्या डावात चिमणच्या जागी बसला होता. "तू जा बाय," त्याने हात हलवला. "लोक खोळंबले असतील. मी लगीन जेवून येतो."

"पण तुम्हाला पत्ते दिसत नाहीत ना?"

"इथं कोणाला दिसतात आता?"

जयवंतीने पळसाच्या पानात भात आणि वालाची भाजी बांधून दिली, तीही एकटीला नाही, सगळ्या सायवनला पुरेल एवढी. परतीच्या वाटेवर मयुराला तो ताडीवाला पुन्हा भेटला. त्याने सायकल थांबवून काळजीने विचारलं, "काठ्या चालल्या काय?"

सायवनला योगिताने एकालाही हलू दिलं नव्हतं. दुपार कलताना मयुराने चष्मे वाटले. काही काचांवर अजून हळदीचा पिवळा डाग राहिला होता, आणि एका बाईने तो पुसू दिला नाही. लगनाचा हाय, असू दे, म्हणाली.

पुढच्या मंगळवारी मयुराला जायचं होतं उधव्याला, पण तिने रूपेशला सायवनला जीप थांबवायला लावली. पांड्या रस्त्याच्या कडेला अर्धवट विणलेली टोपली घेऊन बसला होता. नवशीच्या नातसुनेचं सगळं वर्णन त्याच्याकडे आधीच पोचलं होतं. सून सावळी आहे, हनुवटीला खळी आहे, आणि सासूपेक्षा आजेसासूशी जास्त बोलते.

मयुराने खिडकीतून चष्मा दिला. पांड्याने तो दोन्ही हातांनी लावला. आधी आपल्या हातांकडे बघितलं, पालथे करून, उताणे करून. मग टोपलीची वीण बघितली आणि स्वतःशीच "अरे अरे अरे" म्हणाला. एक घर चुकलं होतं. मग त्याने मान वर करून, खिडकीजवळ येऊन, मयुराचा चेहरा बघितला. बघतच राहिला.

"काय झालं बाबा? नीट दिसत नाही का?"

"दिसतं की. बाय, तू तर लहानशी पोर हायस!"

"मग तुम्हाला काय वाटलं होतं?"

"आवाजावरून मना वाटायचं चांगली पन्नाशीची असशील. केवढा दम देतीस सगळ्यांना."

जीपमध्ये हशा पिकला. मागच्या बाकावरच्या बायकांनी तर एकमेकींना टाळ्या दिल्या. पांड्या चष्म्यासकट टोपलीवर वाकला आणि चुकलेलं घर उसवायला लागला. रूपेशने गाडी सुरू केली.

"पन्नाशी!" मयुरा त्याला म्हणाली. "ऐकलंस का?"

"ऐकलं," रूपेश गिअर टाकत म्हणाला. "मी पंचेचाळीसच धरले असते, मॅडम."